गुणवंतभाऊंचा राहिलेला घास

गुणवंतभाऊंशी माझी ओळख भांडणातून झाली. चिंचमाळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले, त्याच्या दुसऱ्याच दुपारी मी फाट्यावरच्या त्यांच्या भोजनालयात गेले, बाकड्यावर बसले आणि विचारलं, काय काय आहे जेवायला? ते चुलीपाशी पाठमोरे उभे होते. म्हणाले, जेवण आहे. मी म्हटलं, ते दिसतंय मला, भाजी कोणती? तर म्हणाले, झाली ती. मी बाभुळगावची, कचेरीत नोकऱ्या करणाऱ्या घरातली. असं तुटक कोणी बोललं की माझं डोकं सटकतं. उठून जाणार होते, पण जायचं कुठं? फाट्यावर दुसरं हॉटेल नव्हतं आणि क्वार्टरमध्ये अजून गॅस आलेला नव्हता. ताट आलं. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. मी निमूट जेवले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. ते परत जाणं एकवीस वर्षं चाललं.

आता निवृत्त होऊन यवतमाळला घरी बसले आहे. बसल्या बसल्या माणसं आठवतात. खरं सांगायचं तर आठवून काही होत नाही. रडू येत नाही, बरंही वाटत नाही. नुसती समोर येऊन उभी राहतात. गुणवंतभाऊ सगळ्यांत जास्त वेळा येतात, म्हणून लिहिते आहे.

चिंचमाळ फाटा म्हणजे घाटंजीच्या रस्त्यावरून गावाकडं वळायची जागा. गाव तिथून आत, पायी वीस मिनिटांवर. फाट्यावर एक मोठा कडुनिंब, एसटीचं शेड, आमचं उपकेंद्र आणि हे भोजनालय. गुणवंतभाऊंचे वडील मूळचे महागावकडचे. कापसाच्या गाड्या हाकायला इकडं आले आणि इथंच राहिले. आधी त्यांनी निंबाखाली चहा विकला. बाजाराला कापूस नेणारे गाडीवान तिथं बैल सोडायचे, शिदोरी उघडायचे, आणि ज्याच्याजवळ शिदोरी नसे त्याला गुणवंतभाऊंची आई आपल्या घरातली भाकर द्यायची. त्यातून खानावळ झाली. बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, मग एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, मग मोटरसायकलवर फिरणारी बियाण्या-औषधांच्या कंपन्यांची पोरं, मग आम्ही सरकारी नोकर. कुडाच्या भिंतींच्या जागी विटा आल्या, छपरावर गवताच्या जागी टिना. 'आनंद भोजनालय' अशी पाटीही आली, पण ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही. सगळे 'फाट्यावरचं' एवढंच म्हणत. चूल मात्र आईनं जिथं घातली तिथंच राहिली. ती पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर पेटायची. पुढं मंगेशनं, त्यांच्या मुलानं, गॅस आणला. तो चहापुरता.

गुणवंतभाऊ चांगले उंच होते, पण पाठीत वाकलेले. चुलीवरचं छत बुटकं होतं. छत वर करून घ्या असं मी निदान दहा वेळा सांगितलं असेल. त्यांचं म्हणणं, बापानं बांधलं ते बापाच्या उंचीचं हाय, त्याले कायले हात लावायचा. आणि वाकून वाकून कंबर धरली की गोळी मागायला माझ्याकडंच यायचे. मी बोलायची, ते ऐकून घ्यायचे, गोळी खिशात टाकून जायचे.

ते गिऱ्हाइकाला कधी विचारत नसत. रोज एकच भाजी, आणि तिच्यासोबत बेसन. बाकीचे लोक झुणका म्हणतात तेच. माणूस बसला की ताट वाढायचं. तो खातो कसा हे बघायचं आणि त्यावरून दुसरी भाकर आणायची. कोणी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलं तर भाकर हातात धरून त्याच्यासमोर उभे राहायचे. बोलायचे काही नाही. मोबाइल खाली ठेवला की भाकर ताटात. एकदा एका साहेबानं चिडून विचारलं, काय आहे? तर म्हणाले, काही नाही, तुमचं होऊ द्या, मी भाकर गरम ठेवतो. आणि ती समोर उभं राहूनच गरम ठेवली.

स्वतः ते कोणाच्या देखत जेवत नसत. चुलीकडं तोंड करून, उभ्यानं, हातावर भाकर घेऊन खायचे. खाणं हा त्यांना काहीतरी लपवायचा प्रकार वाटायचा की काय, मला कधी समजलं नाही.

भाकरी लीलाबाईंच्या. त्यांच्या बायकोच्या. लीलाबाई बुटक्या, ठसठशीत कुंकवाच्या, आणि अबोल. दोघं नवरा-बायको दिवसभर हातभर अंतरावर काम करायचे आणि दिवसभरात चार वाक्यं बोलत असतील तर शपथ. लीलाबाईंनी चिमटा परातीवर एकदा वाजवला की पीठ संपत आलं, दोनदा वाजवला की जळण आणा. तेवढ्यावर संसार चालला होता. मी एकदा लीलाबाईंना विचारलं, तुम्ही दोघं भांडता तरी का हो? त्या हसल्या आणि म्हणाल्या, भांडाले वेळ कुठं भेटते बाई, लोकं भुकेले बसून राह्यते ना.

माझं आणि भाऊंचं भांडण मात्र नियमित होतं. पिण्याच्या पाण्यात औषध टाकायचं, हा माझा हुकूम. औषधानं बेसनाची चव जाते, हा त्यांचा. मी टाकीत औषध टाकून जायची, ते टाकी ओतून गावच्या विहिरीवरून पाणी आणायचे. मग मी विहिरीतच टाकलं. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट मात्र रोज आलं, आणि त्यावर लोणचं जास्तीचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भागात ज्या घरात मयत होते त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी आपल्या घरून बेसन-भाकर घेऊन जातात आणि घरच्यांना बळंच दोन घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तो बाहेरच्यानं आणावा लागतो, आणि न मागता यावा लागतो. तो एकदा पोटात गेला की मागं राहिलेली माणसं परत जेवायला मोकळी होतात. बाकी विधी भटजी सांगतो तसे होतात, पण हा घास भटजीच्या हातात नाही, गावाच्या हातात आहे.

चिंचमाळमध्ये तो फाट्यावरून जायचा. भाऊंच्या आईनं कधीतरी एका घरी नेला, मग दुसऱ्या घरी, मग नेतच राहिली. काहून सुरू केलं ते माय सांगून गेली नाही, असं भाऊ म्हणायचे. आई गेल्यावर यांनी चालू ठेवलं. मयताची खबर आली की बसलेल्या लोकांचं जेवण होऊ द्यायचं, नवीन माणूस घ्यायचा नाही, आणि बाहेरचं बाकडं उलटं करून ठेवायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला समजायचं की आज गावात कोणी गेलं. लीलाबाई भाकरी टाकायच्या, भाऊ बेसन हलवायचे. त्या दिवशीच्या बेसनाला फोडणी नसे, मिरची नसे, कांदा नसे. नुसतं पीठ, पाणी, मीठ. मोठा डबा मोपेडच्या पुढं ठेवून ते गावात जायचे, ओसरीवर डबा टेकवायचे, भिंतीजवळ पाच मिनिटं उभे राहायचे आणि निघून यायचे. तिथं ते पाणीसुद्धा पीत नसत. कुणब्याचं घर असो, तांड्यावरचं बंजाऱ्याचं असो की पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, कोलामाचं, डबा तोच आणि बेसनही तेच.

हळूहळू गावाची सवय मोडली. पूर्वी बाया आपापल्या घरून न्यायच्या म्हणे. मी आले तेव्हा कोणीच नेत नव्हतं. सगळ्यांनी धरूनच चालायचं की फाट्यावरून येईल. आणि यायचंच.

एकदा फजिती झाली. गावातल्या एका म्हातारीची शुद्ध गेली, पोरं रडत फाट्यापर्यंत आली की आजी गेली. मी धावत गेले, तर साखर कमी झाली होती. साखरपाणी पाजलं, म्हातारी उठून बसली. तेवढ्यात भाऊ डबा घेऊन दारात. म्हातारी विचारते, काय आणलं रे? भाऊंना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, बेसन-भाकर. म्हातारी समजली. म्हणाली, "आणली तं दे. मी गेल्यावर मले थोडीच भेटते." आणि मांडी घालून जेवली. गावाला वर्षभर हसायला पुरलं ते. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांना फार लागलं होतं. जित्या माणसापुढं आपण मयताचं ठेवलं, असं ते कितीतरी दिवस म्हणत होते.

या डब्यापायी धंद्याचं नुकसानही झालं. मध्ये रस्त्याच्या पलीकडं एकानं लायटिंगचं गार्डन हॉटेल टाकलं. पनीर, पुलाव, रंगीत खुर्च्या. तो गिऱ्हाइकांना सांगायचा की समोर सुतकाचं जेवण भेटते. बाहेरगावचे लोक बिचकले. लगीनसराईत गाड्या समोर थांबायला लागल्या. मंगेश तेव्हा नुकताच गल्ल्यावर बसायला लागला होता. त्यानं बापाला सांगितलं, बाबा, हे डब्याचं बंद करा, नाहीतर उलटं बाकडं तरी करू नका, लोकं अपशकुन मानते. भाऊ एवढंच म्हणाले की लोकं मरणं बंद करत असतील तर मी पण करतो. पुढं त्या हॉटेलवाल्याचे वडील वारले. भाऊंनी बाकडं उलटं केलं आणि डबा घेऊन रस्ता ओलांडला. परत आले ते नेहमीसारखेच. त्या माणसानं नंतर तसं बोलणं बंद केलं. दोन वर्षांनी हॉटेलही बंद केलं, पण ते त्याच्या दुसऱ्या कारणांनी.

लीलाबाई गेल्या तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती. सकाळी नऊची वेळ. परातीत पीठ भिजवता भिजवता त्या एका अंगावर कलंडल्या. मंगेश मला बोलवायला धावत आला. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? तेवढाही त्यांना मिळाला नाही. मी गेले तेव्हा हाताला पीठ तसंच होतं. मी छातीवर दाब दिला, गाडी बोलावली, जे करायचं ते सगळं केलं, आणि ते उपयोगाचं नाही हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. वेळ लिहिली. भाऊ चुलीजवळ उभे होते. त्यांनी तव्यावरची भाकर उलटवली, भाजली, काढली, आणि मग विचारलं, गेली काय? मी मान हलवली.

गाव लोटलं. काढणी टाकून लोक आले. महागावकडून त्यांच्या माहेरची चार माणसं आली. दुपारी एकपर्यंत सगळं उरकलं. पुरुषमंडळी घाटावरून परतली, दारात हातपाय धुतले, निंबाचा पाला तोंडात घातला आणि ज्याच्या त्याच्या घरी गेली. सोयाबीन उघड्यावर पडलं होतं, आभाळ आलं होतं. भाऊंचे भाऊबंद चिंचमाळमध्ये कोणी नव्हतेच. माहेरची माणसं पाहुणी. मला लस परत ठेवायला मोठ्या दवाखान्यात जायचं होतं, मी गेले. तिथं सहकारिणीच्या डब्यातून जेवले. पोळी आणि बटाट्याची भाजी. हे मला अगदी नीट आठवतं, कारण नंतर मी ते फार वेळा आठवलं आहे.

चार वाजता फाट्यावर उतरले तर बाकडं उलटं होतं आणि चुलीतून धूर निघत होता. मला वाटलं मंगेशची बायको रूपाली पाणी तापवत असेल. आत गेले. भाऊ ओल्या टॉवेलवर, उघड्या अंगानं, बेसन हलवत होते. बाजूला भाकरी होत्या, वेड्यावाकड्या, त्यांच्या हातच्या. मंगेश आणि रूपाली मागच्या खोलीत, तेच त्यांचं घर, भिंतीला टेकून बसले होते. पाहुणे बाहेर निंबाखाली. भाऊंनी डबा भरला, फडकं बांधलं, मोपेडवर ठेवला, चावी लावली. आणि मग तिथंच उभे राहिले. चावीवर हात तसाच. एकदा गावाकडच्या रस्त्याकडं पाहिलं, एकदा मागं घराकडं. मी समोर होते. मला तेव्हा कुठं सुचलं की आज डबा कुठं जायचा होता आणि तो कोणी आणायचा होता.

धूर गावातूनही दिसला होता. तुळशीराम पाटील, गावातलं जुनं माणूस, दोघा-तिघांना घेऊन तरातरा आले. सुतकात चूल पेटवली हे त्यांना सहन झालं नाही. आल्या आल्या त्यांनी सुनावलं, "गुणवंता, येवढा जाणता माणूस तू, मयताच्या घरी चूल पेटवते काय रे?"

भाऊंनी चावी काढून घेतली. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मंग कोण आणून राह्यलं होतं?"

पाटलांनी खाली पाहिलं आणि वळले. अर्ध्या तासात डबे यायला लागले. एकेक बाई डोक्यावरचा पदर सावरत यायची, डबा ठेवायची, नजर चुकवून उभी राहायची. चौदा डबे झाले. मीही क्वार्टरवरून बिस्किटाचे दोन पुडे आणले, दुसरं काही नव्हतंच. मंगेश जेवला, रूपाली जेवली, पाहुणे जेवले. भाऊ उठले नाहीत. मला लाज वाटली. एवढीच गोष्ट त्या दिवशी मला वाटली, बाकी सगळं बधिर होतं.

चौदाव्या दिवशी भोजनालय उघडलं. भाकरी आता रूपाली करायची, चांगल्या करायची. भाऊ भाजी करायचे, बेसन हलवायचे, ताट वाढायचे. मोबाइलवाल्यांसमोर उभे राहायचे. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललं आहे असं वाटलं नसतं. पण त्यांच्या कंबरेची गोळी द्यायला मी वजन केलं तर काटा खाली आलेला. पुढच्या महिन्यात अजून खाली. रूपालीनं मला एकटीला गाठून सांगितलं की सिस्टर, बाबा चुलीवरचं काहीच खात नाही. फुटाणे, मुरमुरे, केळी, दूध. भाकर तोंडाला लावत नाही.

मी त्यांना उपकेंद्रात बोलावलं आणि चांगलं झापलं. बायको गेली म्हणून अन्न सोडायचं हे मला पटत नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोडलं नाही सिस्टर. माहा घास राह्यला हाय."

मी म्हटलं, चौदा डबे आले होते की. ते म्हणाले, "ते मी बोललो म्हणून आले. मागून भेटते तो कडू घास नसते." आणि त्याच कारणानं त्यांनी गावातल्या मयताचा डबाही थांबवला होता. ज्याचं स्वतःचं फिटलं नाही त्यानं दुसऱ्याचं कसं रांधायचं, हा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी मी रूपालीकडून बेसन-भाकर बांधून घेतली आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवली. त्यांनी हात जोडले. म्हणाले, तुम्हाले काल सांगतलं म्हणून आणलं ना? खरंच होतं. ज्याला ठाऊक झालं त्याच्या हातून ते आता होणार नव्हतं. आणि हळूहळू सगळ्या गावाला ठाऊक झालं.

त्या हिवाळ्यात गावात तीन माणसं गेली. फाट्यावरचं बाकडं सरळच राहिलं. पहिल्या घरी संध्याकाळपर्यंत कोणी काही नेलं नाही, सगळे फाट्याकडं बघत बसले. मग बायांनी मोबाइलवर ग्रुप केला, कोणी भाकरी करायच्या, कोणी बेसन, ते ठरवायला लागल्या. भाऊ मयतीला जायचे, खांदा द्यायचे, परत यायचे. त्यांची गालफडं बसली होती. डॉक्टरकडं नेलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. निघणार काय? मंगेश एकदा माझ्यासमोर बसून म्हणाला की सिस्टर, मी डबा बंद करा म्हणत होतो ना, पाहा बंद झाला. मी त्याला समजावलं नाही. मला समजावता येत नाही, मला फक्त गोळ्या देता येतात.

माझ्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते तेव्हा तुळशीराम पाटील वारले. वय झालं होतं, झोपेतच गेले. उन्हाळा पेटला होता, म्हणून सकाळीच उरकलं. मी सुट्टीवर होते, सामान बांधत होते. का कोण जाणे, मी बांधलेल्या सामानातून तवा काढला. ग्रुपमध्ये माझं नाव नव्हतं, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. रूपालीकडून पीठ आणलं आणि गॅसवर बेसन केलं, भाकरी टाकल्या. भाकर थापून मला पंधरा-वीस वर्षं झाली असतील. दोन तुटल्या, एक जळली, तीन नेण्यासारख्या निघाल्या.

पाटलांच्या ओसरीवर बारा-पंधरा माणसं बसली होती. बायांचे डबे आलेले होते, माझाही मी त्यात ठेवला. पाटलांचा मुलगा, तोही पन्नाशीचा माणूस, गुडघ्यात मान घालून बसला होता. कोणाचंच ऐकत नव्हता. आत बायका अडल्या होत्या, कारण त्यानं घास घेतल्याशिवाय घरात कोणाला घेता येत नव्हता. भाऊ भिंतीजवळ उभे होते, डब्याच्या वेळी उभे राहायचे तसेच, फक्त डबा नव्हता. थोड्या वेळानं ते पुढं आले आणि त्याच्यासमोर खाली बसले. हाताला लागला तो डबा त्यांनी उघडला. तो माझा होता. भाकर मोडली, बेसन लावलं आणि घास त्याच्यासमोर धरला.

तो म्हणाला, "काका, तुमी घेतल्याबिगर मी घेत नाही."

भाऊ म्हणाले, माहं काय काढतं आता, तुह्या बापाचा दिवस हाय. तो म्हणाला, "माह्या बापानं तुमाले त्या दिवशी बोलणं लावलं. तो मरेपर्यंत तेच बोलून राह्यला होता, का गुणवंताच्या घरी आपुन भाकर नेली नाही. तुमी घ्या. मंग मी घेतो."

भाऊंचा हात तसाच पुढं धरलेला. मला वाटलं ते उठून जातील. ती भाकर त्यांनी मागितलेली नव्हती, त्यांच्यासाठी कोणी आणलेलीही नव्हती. ते त्यांच्याही मनात आलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. ते बराच वेळ त्या घासाकडं पाहत राहिले. मग हात मागं घेतला आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. पहिला घास चावायला त्यांना फार वेळ लागला. दुसरा तुकडा मोडून त्यांनी पाटलांच्या मुलाच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला.

भाऊंनी मान वर केली, डब्यांमागं उभी असलेली मी त्यांना दिसले. डबा कोणाचा ते त्यांनी भाकरीवरून ओळखलं असणार.

"भाकर कच्ची हाय, सिस्टर," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांनी अजून एक तुकडा मोडला, बेसनाला लावला आणि खाल्ला, मग अजून एक. आतून बाया ताटल्या घेऊन आल्या. निवृत्तीच्या कागदांपायी मला दुसऱ्याच दिवशी यवतमाळला जावं लागलं, आणि आठवड्यानं परतले ती सामान घेऊन चिंचमाळ सोडायलाच. निघायच्या दिवशी ते घाटंजीच्या बाजाराला गेले होते, भेट झाली नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी मंगेशचा फोन आला की बाबा गेले, आणि आमच्या घरी आज जागा नाही एवढे डबे आले. म्हणून मी त्यांना पाहिलं ते शेवटचं तिथंच, पाटलांच्या ओसरीवर, जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून जेवताना. तिन्ही भाकरी संपेपर्यंत कोणी उठलं नाही.